आईस्क्रीमच्या काड्या

आमच्या घरात सकाळी मिक्सर दोन वेळा लागतो. पहिला चटणीचा, वाटणाचा. दुसरा माझा. अर्धी भाकरी, भाजीतला रस्सा, वाटीभर वरण, वरून ताक, सगळं त्या भांड्यात जातं. सून झाकण दाबून बटण फिरवते आणि मिनिटाभरात माझं जेवण तयार होतं. सुरुवातीला त्या आवाजाची मला शरम वाटायची. आजूबाजूला सगळी भावकी. भिंतीला भिंत लागून घरं. दुसऱ्यांदा मिक्सर लागला की पलीकडची चुलती ओट्यावरून विचारते, "बसला का गं जेवायला?" चुलतीचं वय नव्वदीच्या घरात. तोंडात एक दात नाही. तीही भाकर दुधात कुस्करून खाते. पण तिचं ते म्हातारपण आहे आणि माझं हे दुखणं आहे.

मी बार्शी तालुक्यातला शेतकरी. जमीन सात एकर. त्यातली चार बागायत, म्हणजे विहिरीला पाणी असलं तर. शिक्षण दहावी, १९७६ सालची. आमचा मुलूख ज्वारीचा. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी, वर शेंगाचटणी, हे खाऊनच वाढलो. आमच्याकडं पाहुण्याला पंचपक्वान्नं वाढली आणि भाकरी दिली नाही, तर घरी जाऊन तो म्हणणार, जेवण काय झालं नाही बुवा. अशा माणसाला भाकरी चावता येऊ नये, ही गोष्ट सांगायला सोपी नाही. भाकरीला दात लागतात, थुंकी लागते आणि जबडा लागतो. माझा खालचा डावा जबडा काढलेला आहे, उरलेले दात शेक द्यायच्या आधी उपटले, आणि थुंकी त्या शेकानं आटली. कोरड्या विहिरीवर मोट चालवल्यासारखं माझं तोंड चालतं.

गावात या रोगाला अजून पुष्कळ जण 'कॅन्सल' म्हणतात. ऑपरेशन होऊन घरी आलो तेव्हा एक जुना मित्र भेटायला आला होता. ओसरीवर तो कुणाला तरी हळू आवाजात म्हणाला, "कॅन्सल झालं म्हणं त्येला." मी आत खाटेवर ऐकत होतो. एसटी कॅन्सल होते तसा माणूस कॅन्सल. हसू आलं, पण हसता येत नव्हतं, टाके ओढायचे. त्याला साडेतीन वर्षं झाली. गाडी रखडत का होईना, चालू आहे.

तंबाखू मी शिकलो बाहत्तरच्या दुष्काळात. तेरा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर खडी फोडायला जायचो. खायला मिलो, ती तांबडी ज्वारी, आणि कामावर मिळणारी सुकडी. दुपारी तीनच्या पुढं पोटात आग पडायची. शेजारी बसणारा एक म्हातारा म्हणाला, "ह्यो घे, दाढंत धर. भूक मरती." भूक खरंच मेली. पुढं पाऊस पडला, ज्वारी पिकली, भूक लागली की खायला मिळायला लागलं, पण दाढेतला बार काही निघाला नाही. पन्नास वर्षं तो एकाच जागी, डाव्या दाढेखाली. तिथंच फोड आला.

आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. आमच्या भागातल्या खेड्यांत १९८७ पासून कॅन्सरच्या रोग्यांची नोंद ठेवतात. खेड्यांची अशी नोंद देशात पहिली इथंच सुरू झाली. माहिती सांगणारी माणसं गावात यायची, तंबाखूचे दुष्परिणाम सांगायची. आम्ही पारावर बसून सगळं ऐकायचो, आणि ऐकता ऐकता तंबाखू मळायचो. सांगणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत चुना बरोबर लागलेला असायचा.

२०२१ च्या दिवाळीत तो फोड मला जाणवला. आधी एका दवाखान्यात दाखवलं. दाढेची कड लागतीय म्हणाले, कड घासून दिली, गोळ्या दिल्या. त्यांच्यावर सगळं ढकलायचा माझा विचार नाही. पंधरा दिवसांनी परत या म्हणाले होते, मी गेलो नाही. ज्वारी पोटऱ्यात होती, पाणी द्यायचं होतं. मग हुरडा आला, मग काढणी आली. फोडाची जखम झाली, जखमेला घाण वास यायला लागला, तेव्हा बायकोनं खाटेची दिशा बदलली. तोंड दुसऱ्या बाजूला करून झोपू लागली. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. त्या रात्री मला समजलं की हे साधं नाही. तोपर्यंत ज्वारीची मळणी झाली होती.

ऑपरेशन मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात झालं. केशरी कार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसलं. दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहायला जागा मिळाली, हे आमचं नशीब. नाहीतर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर लोक पथारी टाकून महिना महिना राहतात, बिहारचे, बंगालचे. मुंबईबद्दल लिहायला बसलो तर वेगळं पुस्तक होईल, म्हणून आवरतं घेतो. एवढंच सांगतो की जबड्याचा खड्डा बुजवायला डॉक्टरांनी छातीवरचं मांस वळवून तोंडात आणलं. ते मांस छातीचं, म्हणून त्याला केस. महिन्याभरानं जिभेला काहीतरी टोचायला लागलं. बायकोनं बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाली, "अवं, तुमच्या तोंडात दाढी उगवलीय." त्या धर्मशाळेत आम्ही दोघं तेव्हा पहिल्यांदा हसलो. पुढं बार्शीला तीस दिवस शेक घेतला, त्यात ते केस गेले.

शेकाच्या दिवसांत गिळणं बंद झालं. नाकातून नळी घातली. तिच्यातून मोठ्या सिरिंजनं दर दोन तासांनी पातळ खायला सोडायचं. दूध, वरणाचं पाणी, हुलग्याचं माडगं गाळून, नाचणीची आंबील. हे सगळं बायकोनं केलं. तिला लिहिता वाचता येत नाही, पण सिरिंजवरची पन्नासची रेघ तिनं नखानं ओळखून ठेवली होती. आमच्या एका म्हशीनं पूर्वी रेडकू टाकून जीव सोडला होता, ते रेडकू तिनं बाटलीनं पाजून जगवलं होतं. तसंच एक हात मानेखाली आणि एक हात वर धरून ती मला पाजायची. पहाटे चारला उठायची. नळीतून पोट भरतं, पण तोंडाला काही कळत नाही. पोट भरल्यावर मी चूळ भरायचो. उगीच, सवयीनं.

बायकोबद्दल एक गोष्ट लिहावी का नाही याचा विचार केला. लिहितो. तिला मिसरीची सवय. तवा तापवून तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी-दुपारी बोटानं दाताला लावायची. माझं ऑपरेशन झालं त्याच दिवशी तिनं मुंबईत डबी फेकून दिली. गावी आल्यावर पंधरा-वीस दिवस ती चिडचिडी झाली, डोकं धरून बसायची. मग एक दिवस परत नीट झाली. मी काय ते ओळखलं. डबी आता पाण्याच्या टाकीमागं असते. मला माहीत आहे, हे तिलाही माहीत आहे. ज्या बाईनं मला नळीनं जगवलं तिला मी कुठल्या तोंडानं बोलणार?

पहिल्या वर्षी मी सगळ्यांबरोबर जेवायला बसत नव्हतो. तोंडाची एक बाजू बधिर, खाल्लेलं कडेनं गळतं ते कळत नाही. मांडीवर पंचा घ्यावा लागतो. लहान मुलासारखं. मी आत, कणगीच्या आडोशाला, भिंतीकडं तोंड करून जेवायचो. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. लोक आग्रह करतात, नाही म्हटलं की कारण विचारतात, आणि कारण सांगितलं की त्यांचा घास अडतो.

पुढच्या जानेवारीत लेक, जावई, नातवंडं धाराशिवहून हुरड्याला आली. रानात आगटी पेटवली. कणसं भाजायची आणि गरम गरम हातावर चोळायची, हे काम आमच्यात माझं. हाताला काही झालेलं नव्हतं, म्हणून मी चोळत बसलो. पोरं हावरी, एकेक मूठ टाकली की संपवायची. जावयानं बोलण्याच्या नादात एक मूठ हुरडा माझ्यापुढं केली, "घ्या की मामा." घेतला हातात. सगळे गप्प झाले. जावयाचं तोंड एवढंसं झालं. मी तो हुरडा शेजारच्या नातीच्या ओंजळीत टाकला आणि दुसरं कणीस आगटीतनं ओढलं. कुणी काही बोललं नाही, पण त्या दिवशीचा हुरडा रंगला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर तीनदा लागला. सुनेनं उरलेला हुरडा दुधात वाटला, थोडा गूळ घातला, फडक्यातनं गाळला आणि तांब्या माझ्यापुढं ठेवला. रंग पोपटी. मी प्यालो. चव माझ्या तोंडाला अर्धीमुर्धीच कळते, पण वास नाकाला कळतो, आणि तो वास बरोबर आगटीचा होता. मी तिथंच, चुलीपुढं, सगळ्यांच्यात बसून पूर्ण तांब्या संपवला. तेव्हापासून मी ओळीत जेवायला बसतो. पंचा असतो मांडीवर. गळलं तर नातू सांगतो, "आबा, डावीकडं."

बोलण्याचंही तसंच. जीभ एका बाजूनं ओढल्यामुळं माझं बोलणं फाफलतं. घरच्यांना समजतं, गावातल्या निम्म्या लोकांना समजतं, फोनवर कुणालाच समजत नाही. सगळ्यात अवघड गेलं ते बैलांचं. लोक आता ट्रॅक्टरनं करतात, पण कुळवापुरती एक जोडी मी ठेवलीय. बैलाला चालवायला जीभ टाळ्याला लावून 'च्यक् च्यक्' करावं लागतं. मला ते येईना. कासरा हलवला, हाक मारली, पवळ्या मान वळवून माझ्याकडं बघत उभा राहिला. मालक दिसतोय पण आवाज कुणाचा येतोय, असं त्याला वाटलं असावं. जनावराला रोगाचं कसं सांगणार? शेवटी नातवाला कुळवावर बसवलं. तो च्यक् च्यक् करायचा आणि मी कासरा धरायचो. दोघांचा मिळून एक औत्या झाला. चार-सहा दिवसांत पवळ्या माझ्या फाफललेल्या हाकेलाही चालायला लागला. माणसांना वर्ष लागलं.

२०२४ च्या मे महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा उजव्या बाजूला मानेत गाठ लागली. फोटो काढले, फुप्फुसातही दाणे दिसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी थोरल्याला बाजूला बोलावलं. मी कागदाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मला सांगा', आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. आता मुळातून बरं करता येणार नाही. गोळ्यांनी काही काळ धरून ठेवता येईल. किती काळ, ते नक्की सांगता येत नाही. सरळ बोलल्या, मला बरं वाटलं. पावसाचंही कुणी नक्की सांगत नाही, तरी आपण पेरतोच.

परतीच्या गाडीत बायकोनं विचारलं, "काय म्हनल्या?" थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. मी तिला सांगितलं, जसंच्या तसं. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, "मंग यंदा तूर पेरायची का न्हाई?"

म्हटलं, "पेरायची."

"मग झालं तर."

गोळ्या दोन प्रकारच्या. एक रोज दोनदा, ती मुळात सांधेदुखीची, सेलेकॉक्सिब. दुसरी मेथोट्रेक्सेट, ती आठवड्यातून एकच दिवस. ही आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर विष होतं, असं डॉक्टरांनी तीन-तीनदा बजावलं. सगळा खर्च म्हशीच्या महिन्याच्या पेंडीपेक्षा कमी. गोळीचा दिवस बायकोनं ठरवला. आमच्या गावचा बाजार सोमवारी. "बाजार ती गोळी," म्हणाली. बाजारच्या दिवशी ती आधी मला गोळ्या देते आणि मग पिशवी घेऊन भाजीला जाते. अजून एकही सोमवार चुकलेला नाही.

धाकटा पुण्याला कंपनीत आहे. त्याला वाटतं, मोठ्या दवाखान्यात नेलं तर अजून काहीतरी होईल, जमीन विकू. थोरला म्हणतो, टाटापेक्षा मोठं काय असतं? दोघं फोनवर भांडतात. मी दोघांना ऐकू येईल असं ओरडू शकत नाही, म्हणून तहसीलला जाऊन कलम ८५ ची वाटणी करून टाकली. लेकीला बोलावलं, तिचंही नाव लावलं. आता कुणाला विकायची असेल त्यानं आपापली विकावी. एकानंही विकली नाही. पाहुण्यांनी आणलेल्या पुड्या, काढे यांचं तर विचारू नका. एक पूड मी पंधरा दिवस घेतली, तोंड आलं, डॉक्टर रागावल्या. तेव्हापासून जो जे आणील ते मी त्याच्यासमोर कपाळाला लावतो आणि तो गेल्यावर खताच्या खड्ड्यात टाकतो.

आता काड्यांचं. शेकानं जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. लक्ष दिलं नाही तर चमचाही जायचा नाही. त्याला उपाय म्हणून हॉस्पिटलात आईस्क्रीमच्या लाकडी काड्या देतात. एकावर एक ठेवायच्या, वरच्या आणि खालच्या हिरडीत धरायच्या, मग मधे एक एक सरकवत वाढवायच्या. दुखतं. डोळ्यांतून पाणी येतं. दिवसातून चार-पाच वेळा करायचं. सुरुवातीला माझ्या सात काड्या बसायच्या. नातू दुसरीत आहे, हे काम त्यानं अंगावर घेतलं. बार्शीहून काड्यांचा गठ्ठा आणला, प्रत्येक काडीवर पेननं आकडा टाकला. दाराच्या मागं त्याच्या उंचीच्या रेघा मारलेल्या आहेत, त्यांच्या शेजारी तो खडूनं माझ्या काड्या लिहितो. सात, आठ, आठ, सात, नऊ. दोन वर्षांत अकरावर आलो. गाठ आल्यावर दहा. परत अकरा.

गेल्या ऑगस्टात झड लागली होती. तीन दिवस रानात पाय घालता येत नव्हता. सगळे घरात. नातवाला कंटाळा आला आणि त्यानं डॉक्टर-डॉक्टर मांडलं. एकेकाला पाटावर बसवायचं आणि "आ करा." आईच्या बावीस काड्या बसल्या. आजीच्या वीस. बाबा म्हणजे माझा थोरला मोबाईल बघत पडला होता. त्याला ओढून आणलं. तो आधी नाही म्हणत होता, मग बसला. दहा, बारा, तेरा, चौदा. पंधरावी काडी जाईना. नातू ढकलतोय, "पप्पा, नीट आ करा की." तो म्हणाला, "एवढंच उघडतंय." नातू टाळ्या वाजवत ओरडला, "पप्पा आबाच्या मागनं दुसरे!"

सून भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

मी उठलो, कोनाड्यातली बॅटरी घेतली. त्याचा गाल बोटानं ओढला. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, दोन लेकरांचा बाप, पण गपचूप तोंड वासून बसला. आतनं गाल पांढरट पडलेला, आणि बोटाला चामड्याच्या वादीसारखं कडक लागलं. माव्याचा वास आला. सुपारी, तंबाखू, चुना. २०१२ मध्ये सरकारनं गुटख्यावर बंदी घातली तेव्हा आम्हाला वाटलं होतं, पोरं सुटली. ती माव्यावर गेली.

मी विचारलं, "कधीपासून?"

माझं सगळं बोलणं ज्याला समजतं, डॉक्टरांना जो समजावून सांगतो, तो म्हणाला, "काय म्हणताय आप्पा?"

मी परत विचारलं नाही. कधीपासून ते मला माहीत होतं. हा पाच-सहा वर्षांचा असताना मीच याला दुकानात पाठवायचो. जा रे, पुडी घेऊन ये. उरलेल्या पैशाची गोळी खा. पळत जायचा, पळत यायचा. पुडीचा वास घेत यायचा.

बायको मात्र सुटली. काय काय बोलली. बापाचं बघून बी तुला अक्कल न्हाई, हिच्या पोरांकडं तरी बघायचं. तो खाली मान घालून ऐकत होता, आणि शेवटी एकच बोलला, "तू मिसरी सोड की आधी." बायको गप्प झाली. उठून पावसात बाहेर गेली, ती टाकीच्या बाजूला नाही, गोठ्यात. सुनेनं पोराला उचललं आणि आत गेली. त्या रात्री मिक्सर एकदाच लागला. माझ्यापुरता.

दुसऱ्या दिवशी पावसातच मी मोटारसायकलवर त्याच्या मागं बसून बार्शीला गेलो. त्या हॉस्पिटलात मला ओळखतात. केसपेपर काढणाऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, "काय आबा, काय होतंय?" मी लेकाकडं बोट केलं. तो लिहिता लिहिता थांबला. डॉक्टरांनी गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी या म्हणाले.

माझ्या स्वतःच्या रिपोर्टच्या वेळी मी रात्री झोपत होतो. या आठ दिवसांत झोपलो नाही. पहाटे उठून ओसरीवर बसायचो. तो पण उठलेला असायचा. दोघं बसायचो. तो म्हशीची धार काढायला जायचा, मी वैरण टाकायचो. बोलणं काही नाही. सातव्या दिवशी त्यानं आपण होऊन सांगितलं, "नववीपासून." मी मान हलवली.

रिपोर्टमध्ये कॅन्सर आला नाही. पण डॉक्टर म्हणाले, हा सुपारीचा रोग आहे, यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो. सुपारी, तंबाखू, मावा आजपासून बंद. आखडलेला गाल पूर्वीसारखा होईलच असं नाही. तोंडाचा व्यायाम करायचा आणि ठरलेल्या तारखांना दाखवायचं. बाहेर आल्यावर त्यानं एसटी स्टँडवर खिशातली पुडी काढली आणि गटारात टाकली. मी बघावं म्हणून टाकली असेल. टाकली हे खरं.

सोडलंय म्हणतो. पहिल्या महिन्यात फार चिडायचा, पोराला एकदा मारलं, मग स्वतःच रडला. आता बडीशेप खातो. त्याचे खिसे तपासायचे नाहीत असं मी सुनेला सांगितलंय. ती तपासते. टाकीमागची डबी अजून तिथंच आहे, पण परवा मी पाणी घ्यायला गेलो तेव्हा उघडून बघितली, तर मिसरी पावसानं भिजून घट्ट झालेली होती. कधीपासून तशी आहे, ते मी विचारलेलं नाही.

संध्याकाळी धारा झाल्या की आम्ही दोघं ओसरीवर काड्या घेऊन बसतो. त्याच्या तोंडात काड्या, माझ्या तोंडात काड्या, त्यामुळं भांडण होत नाही. येणाराजाणारा बघतो आणि हसतो. बायको सोमवारच्या गोळ्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहते, "आवरा लवकर बापलेक, माझा बाजार जातोय." गेल्या सोमवारी माझ्या बारा झाल्या, त्याच्या सोळा. नातवानं दोन्ही आकडे खडूनं लिहिले. दाराच्या मागची खालची जागा आता संपलीय. तो स्वतःच्या उंचीच्या रेघेच्या वर लिहायला लागलाय, आणि त्यासाठी त्याला पाटावर चढावं लागतं.